परड्यातील शेडला घरातून वीज : सातारा तालुक्यातील एका घराचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणाची पहिली तक्रार एका गाईने केली. सातारा शहरापासून क्षेत्र माहुलीच्या पुढे, कृष्णाकाठच्या एका गावात, सेवानिवृत्त शिक्षक आबांच्या घरामागे मोठे परडे आहे. त्यात आंबा, चिकूची दोन झाडे, भाजीचे वाफे आणि टोकाला पत्र्याची शेड आहे. शेडच्या अर्ध्या भागात बागेची अवजारे, फवारणीचा पंप आणि कडबाकुट्टी यंत्र असते, तर उरलेल्या अर्ध्या भागात घरच्या दुधासाठी पाळलेली एक गाय आणि तिची कालवड बांधलेली असतात. जुलै महिन्यात पावसाची झड लागली आणि गाय लोखंडी टाकीतील पाण्याला तोंड लावेना. बादली पुढे केली की ती पाणी पीत असे, टाकीजवळ नेले की मान मागे ओढत असे. घरातील काकूंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तोंड, दात, ताप सर्व तपासले आणि दोष सापडला नाही. मात्र एक गुडघा ओल्या जमिनीवर टेकवून बसले असताना त्यांचा हात टाकीच्या कडेला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. जाताना ते म्हणाले, "काकू, गाईला काही झालेलं नाही. वायरमनला बोलवा."

गावच्या वायरमनने मला कळवले. मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक म्हणून काम करतो आणि घरातून मागच्या शेडला, गोठ्याला किंवा विहिरीच्या खोलीला ओढलेल्या तारा मी या भागात अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की त्यात नेहमी होणाऱ्या बहुतेक चुका एकाच जागी होत्या, आणि सुदैवाने त्या कोणाचा जीव जाण्यापूर्वी हाती लागल्या.

काय आढळले

घरातील पेटीपासून शेडपर्यंत तारेची वाट साधारण ५० मीटर भरते. स्वयंपाकघरातील सॉकेटमधून दीड चौरस मिलिमीटरची दोन तारांची लवचीक वायर खिडकीतून बाहेर काढली होती. ती आंब्याच्या फांदीला टेकून शेडच्या लोखंडी अँगलला बांधणीच्या तारेने आवळली होती. मध्ये दोन ठिकाणी जोड होते आणि त्यांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सहा उन्हाळे पाहिलेल्या त्या वायरचे वरचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकले होते, आणि अँगलवर ती जेथे आवळली होती तेथे आतले तांबे डोळ्यांना दिसत होते. वायर दोन तारांची असल्यामुळे शेडमध्ये अर्थिंग नावाची गोष्टच नव्हती. कडबाकुट्टीच्या मोटारीला तीन पिनांची टोपी होती, परंतु तिच्या जाड पिनेला पलीकडे जोडायला काहीच नव्हते.

मी प्रथम टाकी आणि गाय उभी राहते त्या जागी जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामधील दाब मोजला. तो २४ व्होल्ट होता. डिजिटल मीटर कधी कधी जवळून जाणाऱ्या तारेमुळे खोटा दाबही दाखवतो, म्हणून त्या दोन टोकांना समांतर एक हजार ओहमचा रोध जोडून पुन्हा मोजले. ओल्या शरीराचा रोध साधारण याच पातळीवर धरता येतो. दाब १५ व्होल्टवर आला आणि तेथेच स्थिर राहिला. याचा अर्थ त्या रोधातून १५ मिलिअँपिअर प्रवाह वाहत होता. माणसाच्या हाताची पकड सुटेनाशी होते ती सीमा साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास सुरू होते. गाईचा शरीररोध माणसापेक्षा कमी असतो, तिचे चारही खूर ओल्या जमिनीवर असतात आणि ती टाकीला थेट ओले तोंड लावते. आबा आणि काकू रबरी चपला घालून वावरत असल्यामुळे त्यांना काही जाणवत नव्हते. गाईला मात्र प्रत्येक घोटाला झटका बसत होता.

त्यानंतर दोन्ही तारा एकत्र घेऊन त्यांभोवती गळती मोजणारा क्लँप मीटर लावला, तेव्हा ३६ मिलिअँपिअर गळती दिसली. हा आकडा संपूर्ण प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. घराच्या पेटीत चिनी मातीचा जुना फ्यूज होता, ज्याला वायरमन मंडळी किटकॅट म्हणतात. तो १६ अँपिअरचा मानला, तरी ही गळती त्याच्या सुमारे साडेचारशेव्या हिश्शाइतकी होती. फ्यूजला ती कळण्याचे कारण नव्हते. त्या जागी नवा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप खाली पडणारा स्विच, असता तरी त्यालाही ती कळली नसती, कारण फ्यूज आणि एमसीबी ही दोन्ही साधने वायर जळू नये म्हणून असतात आणि माणूस किंवा जनावर वाचवण्यासाठी त्यांची रचना झालेली नसते. विजेच्या बिलातही या गळतीचा मागमूस लागत नाही, कारण ती जेमतेम आठ वॅट भरते. ती पकडणारे साधन एकच, ते म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक फरक दिसताच पुरवठा तोडते. या घरात ते नव्हते.

आबांचा पहिला प्रश्न होता, "किती जाडीची वायर टाकायची तेवढं सांगा, बाकीचं आमचा पोरगा बघेल." हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरी पहिला येतो. त्याचे उत्तर सोपे आहे आणि पुढे दिले आहे. परंतु त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा की शेडमध्ये एखादी तार लोखंडाला लागली, तर तो प्रवाह कोणत्या वाटेने परत जाईल आणि त्या वाटेवर त्याला कोण थांबवेल. त्याचे उत्तर शोधायला शेडकडे जाऊन उपयोग नसतो. घराची पेटी उघडावी लागते.

घराची पेटी

मुख्य स्विचच्या मागे एक हिरवी तार होती आणि ती न्हाणीघरातील नळाच्या पाइपला बांधलेली होती. घर बांधले तेव्हा तो पाइप लोखंडी होता आणि जमिनीतून जात होता. पुढे नळाची दुरुस्ती झाली, बाहेरचा सगळा पाइप प्लॅस्टिकचा बसवला गेला आणि घराचे अर्थिंग कोणाच्याही नकळत तुटले. मूळ अर्थिंगचा खड्डा तुळशी वृंदावनाशेजारी सापडला. त्याची तार गंजून केसासारखी झाली होती आणि मापनात ८६ ओहम रोध आला.

याहून गंभीर गोष्ट गीझरच्या सॉकेटमध्ये होती. तेथे न्यूट्रल आणि अर्थ या दोन पिना तारेच्या एका तुकड्याने जोडलेल्या होत्या. विचारल्यावर उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी त्या फांट्याची न्यूट्रल तार भिंतीत तुटली होती आणि कोणीतरी भिंत फोडण्याऐवजी अर्थच्या तारेवरच गीझर चालू करून दिला होता. आपल्याकडे न्यूट्रल गेला की अर्थिंगवर दिवा लावण्याची जी सवय आहे, तिच्याबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ती प्राणघातक आहे. अशा जोडणीत घरातील प्रत्येक धातूचे आवरण, म्हणजे फ्रीजचे दार, मिक्सरचा पत्रा, गीझरची टाकी, हे परतीच्या वाटेचा भाग होते आणि जमिनीतील अर्थिंग कमजोर असेल तर त्या सर्वांवर दाब चढतो. या घरात तर अर्थिंग ८६ ओहमचे होते आणि तेही तारेने नीट जोडलेले नव्हते. अशा घरातून तिसरी तार तशीच शेडपर्यंत नेली असती, तर घरातील गीझरचा दोष ५० मीटर दूर उभ्या असलेल्या गाईपर्यंत पोहोचला असता.

म्हणून कामाचा क्रम असा ठरला की शेडची जुनी वायर त्याच दिवशी काढून टाकायची, नंतर घर दुरुस्त करायचे आणि शेडचे काम शेवटी हाती घ्यायचे. गाईला दोन आठवडे कंदिलाच्या उजेडात राहावे लागले. आबांना हे पटायला वेळ लागला, कारण शेडसाठी बोलावलेला माणूस न्हाणीघराची भिंत फोडत होता.

वीज कंपनीकडील बाजूही याच वेळी मार्गी लावली. घराचा मंजूर भार २ किलोवॅट होता. कडबाकुट्टीची मोटार एकटीच चालताना दोन किलोवॅटच्या आसपास घेते, त्यामुळे भार वाढवून ४ किलोवॅट करण्याचा अर्ज महावितरणकडे दिला. शेड घराच्याच आवारात आणि घरच्याच वापरासाठी असल्याने घरगुती मीटरमधून वीज घेण्यास अडचण नव्हती. मात्र शेजारच्या दुसऱ्या गटातील जागेत हीच वायर नेली असती, तर ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर आहे तिच्या बाहेर वीज वापरल्यासारखे झाले असते आणि २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ लागू झाले असते. आबांच्या मनात पुढे भावकीतील बोअरलाही यातूनच वीज देण्याचा विचार होता. तो तेथेच थांबवला.

वायरची जाडी

आता आबांच्या प्रश्नाकडे वळू. कडबाकुट्टीची मोटार २ अश्वशक्तीची, सिंगल फेज आहे आणि तिच्या पाटीवर ११.५ अँपिअर लिहिले आहे. सुरू होताना अशी मोटार साधारण पाचपट प्रवाह मागते, म्हणजे ५७ अँपिअरच्या घरात. जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरचा रोध किलोमीटरला १३.३ ओहम असतो. जाणे आणि येणे मिळून १०० मीटर धरले तर तो १.३३ ओहम होतो. मोटार चालू असताना त्यात १५ व्होल्ट खर्च होतात, ते एक वेळ चालून जाते. पण सुरू होताना हिशेबाने ७० व्होल्टांहून अधिक दाब वायरमध्येच संपतो आणि मोटारीच्या वाट्याला उरते त्यातून ती नुसती घूं घूं करत राहते. काकूंनी सांगितले की मोटार सुरू होत नसली की कडबाकुट्टीचे चाक हाताने फिरवून द्यावे लागायचे. पात्यांच्या चाकाला हाताने धक्का देणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको. वायर बारीक असल्याचा परिणाम केवळ वायर तापण्यापुरता राहिला नव्हता, तो माणसाच्या बोटांपर्यंत आला होता.

चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली तर रोध किलोमीटरला ४.६१ ओहम असतो. चालताना ५ व्होल्टांच्या थोडा वर आणि सुरू होताना २६ व्होल्ट एवढी घट येते. सहा चौरस मिलिमीटरला किलोमीटरला ३.०८ ओहम, चालताना साडेतीन व्होल्ट आणि सुरू होताना साधारण साडेसतरा व्होल्ट. कागदावर चार चौरस मिलिमीटर पुरेसे ठरते. परंतु गावात संध्याकाळी दाब मुळातच २०५ व्होल्टांवर उतरतो, हे मी तीन संध्याकाळी मोजून पाहिले होते, आणि २०५ मधून आणखी २६ वजा करणे मला योग्य वाटले नाही. म्हणून सहा चौरस मिलिमीटरची, तीन गाभ्यांची, तांब्याची आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचे कवच असलेली, केबल निवडली. दहा चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमचा रोध नेमका तेवढाच असतो आणि ती स्वस्तही पडते. मात्र ॲल्युमिनियमच्या टोकांना योग्य लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, आणि घट्ट, ऑक्साइडरहित जोड लागतात, आणि ओलसर शेडमध्ये वर्षानुवर्षे ते तसेच राहतील याची मला खात्री नव्हती. केबल हा या कामातील सर्वांत मोठा खर्च होता आणि तेथे काटकसर न करण्याचा आग्रह मी धरला.

घराच्या बाजूला शेडसाठी स्वतंत्र छोटी पेटी बसवली. तिच्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि २० अँपिअरचा, दोन ध्रुवांचा, सी-कर्व्ह एमसीबी घेतला. मोटार सुरू होतानाचे ५७ अँपिअर हे २० च्या तिप्पटही होत नाहीत आणि सी-कर्व्ह एमसीबी क्षणार्धात पडतो तो पाच ते दहा पटींच्या दरम्यान, त्यामुळे मोटार सुरू करताना तो विनाकारण पडत नाही. दोन ध्रुवांचा एमसीबी यासाठी, की खांबावर कोणी दुरुस्तीच्या वेळी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी बटण खाली केल्यावर शेडकडे जाणाऱ्या दोन्ही तारा तुटल्या पाहिजेत. शेडचा आरसीसीबी घराच्या आरसीसीबीपासून वेगळा काढला, म्हणजे शेडमध्ये पावसाने काही ओले झाले तरी घर अंधारात जात नाही. आरसीसीबी शेडमध्येच बसवावा का, यावर वायरमनचे आणि माझे थोडे दुमत झाले. त्याचे म्हणणे होते की पडला की आबांना पन्नास मीटर चालत घरी यावे लागेल. मी तो घराच्या टोकाला ठेवला, कारण आर्मर्ड केबलला उद्या कुदळ लागली तर तो दोषही त्याच आरसीसीबीच्या कक्षेत यायला हवा. शेडमधील आरसीसीबीला त्याच्या आधीच्या केबलमध्ये काय झाले ते कधीच कळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर धरलेली आहे.

अर्थिंगचा वाद

सर्वांत लांब चर्चा अर्थिंगवर झाली. वायरमनचे मत असे होते की शेडजवळ नवा अर्थिंगचा खड्डा केला की घरातून तिसरी तार नेण्याची गरज नाही. आबांच्या पुतण्याचे मत नेमके उलट होते. तिसरी तार येतेच आहे, तर पुन्हा खड्ड्याचा खर्च कशाला, असे तो म्हणत होता.

दोघांनाही आकडे मांडून दाखवावे लागले. शेडजवळ केवळ ९ ओहमचा खड्डा आहे आणि रोहित्राजवळील न्यूट्रलचे अर्थिंग ३ ओहमचे आहे असे मानू. फेजची तार शेडच्या खांबाला पूर्ण लागली तर २३० व्होल्ट १२ ओहममधून १९ अँपिअरच वाहवू शकतात. २० अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणारच नाही, आणि तोवर शेडचा सांगाडा १७० व्होल्टांवर उभा असेल. म्हणजे खड्डा चांगला असूनही, एमसीबी नवा असूनही, संपूर्ण शेड जिवंत राहते. घराचा आणि शेडचा असे दोन्ही खड्डे जोडून रोध ४ ओहमच्या खाली आणला तरी प्रवाह ३४ अँपिअरपर्यंतच जातो आणि एमसीबी पडायला मिनिटभर किंवा अधिक वेळ घेऊ शकतो. "अर्थिंग केलं आहे, आता काळजी नाही" हे वाक्य मी ज्या घरात ऐकतो, तेथे मला हाच हिशेब आठवतो. ज्या घरांना खांबावरून दोनच तारा येतात आणि अर्थिंग ज्याचे त्याने करायचे असते, तेथे आरसीसीबीशिवाय अर्थिंग अपुरे आहे. आरसीसीबी असेल तर मात्र ९ ओहमच काय, त्याच्या कितीतरी पट रोध असला तरी ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तुटतो.

मग तिसरी तार का नेली? कारण एक खड्डा कोरडा पडला, त्याची पट्टी गंजून तुटली, तरी दुसरा शिल्लक राहतो. आणि घर व शेड या दोन ठिकाणच्या लोखंडावर वेगवेगळा दाब राहू नये, हे केबलच्या आर्मरमुळेही आवश्यक होते. तिसरी तार नेण्याविरुद्धचा खरा युक्तिवाद हा आहे की घरातील अर्थवर कधी दाब चढला तर तो शेडमध्ये पोहोचतो आणि शेडमध्ये जनावर उघड्या जमिनीवर उभे असते. तो युक्तिवाद मी गांभीर्याने घेतला. म्हणूनच न्यूट्रल आणि अर्थचा गीझरमधील जोड तोडला, भिंत फोडून न्यूट्रलची नवी तार टाकली, घराला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आणि घराचा खड्डा नव्याने केला. हे चारही झाले नसते, तर मी तिसरी तार नेली नसती.

दोन्ही खड्ड्यांत जस्तलेपित पाइपचे इलेक्ट्रोड घेतले. आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे असा पाइप किमान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा असावा लागतो. परड्यातील वरची माती काळी आहे. पावसाळ्यात ती उत्तम ओल धरते, पण उन्हाळ्यात तिला हाताएवढ्या भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवती हवेची पोकळी तयार होते. त्यामुळे पाइप भेगांच्या थराखाली, मुरमापर्यंत उतरवला आणि भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती, भरले. मीठ वापरले नाही, कारण ते पाइप गंजवते आणि काही पावसाळ्यांत धुऊन जाते. पूर्ण झाल्यावर घराचा खड्डा ६ ओहम, शेडचा ९ ओहम आणि दोन्ही जोडून ३.८ ओहम असे मापन आले.

गाईसाठी आणखी एक गोष्ट केली, तिचा खर्च थोडा पण उपयोग मोठा आहे. तिच्या उभे राहण्याच्या जागी नवा कोबा घालायचाच होता. त्या काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी टाकली आणि ती जाळी, पाण्याची टाकी, शेडचे खांब व गव्हाणीचे पाइप हे सर्व जीआय पट्टीने एकमेकांना आणि अर्थला जोडले. आता कोणत्याही कारणाने सांगाड्यावर क्षणभर दाब आला, तरी गाईच्या खुरांखालची जमीन आणि तिच्या तोंडाजवळची टाकी जवळपास एकाच दाबावर राहतात, आणि झटका बसतो तो दोन जागांमधील फरकामुळे.

चर आणि शेड

घराच्या मागच्या भिंतीपासून शेडपर्यंत ३४ मीटर लांबीचा आणि ७५० मिलिमीटर खोलीचा चर खणला. आंब्याच्या मुळांना वळसा घातला, त्यामुळे चर सरळ राहिला नाही. तळाला वाळू, तिच्यावर केबल थोडी सैल सोडून नागमोडी, पुन्हा वाळू, तिच्यावर आडव्या विटा आणि मातीच्या वरच्या थरात धोक्याची लाल पट्टी असा क्रम ठेवला. केबल सैल सोडण्याचे कारण पुन्हा काळी मातीच आहे. ती फुगते आणि आकसते, आणि ताणून टाकलेली केबल शेवटी ग्लँडमधून, म्हणजे पेटीत शिरताना तिला पकडणाऱ्या जोडातून, ओढली जाते. जेथून कडब्याची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आत येतो, तेथे केबल लोखंडी पाइपमधून नेली. कोणीतरी विचारले की साधी वायर प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये घालून पुरली तर काय बिघडेल. परड्यात घुशींची बिळे आहेत आणि घूस प्लॅस्टिकचा पाइप सहज कुरतडते. आर्मर्ड केबलच्या पोलादी तारांपुढे मात्र तिचे चालत नाही. आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून अर्थला जोडला.

शेडमध्ये जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, गाईच्या शिंगांच्या आणि पाण्याच्या शिंतोड्यांच्या पलीकडे, पाणी आत न शिरणारी पेटी बसवली. तिच्यात दोन ध्रुवांचा आयसोलेटर, म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा हाताचा स्विच, दिव्यांसाठी ६ अँपिअरचा आणि मोटारीसाठी १६ अँपिअरचा एमसीबी आहे. सर्व वायरिंग प्लॅस्टिकच्या पाइपमधून नेली, कुठेही लोखंडाला थेट बांधली नाही.

मोटारीसाठी स्टार्टर लावला आणि त्याबाबतीत मी कोणाचेही ऐकले नाही. त्यात ११.५ अँपिअरवर लावलेला ओव्हरलोड रिले आणि नो-व्होल्ट कॉइल आहे. एमसीबी मोटारीचे रक्षण करत नाही. कडबा अडकून मोटार १४ अँपिअर घेत राहिली, तर १६ अँपिअरचा एमसीबी शांत बसतो आणि मोटारीची वाइंडिंग जळते, म्हणून रिले हवा. नो-व्होल्ट कॉइल त्याहून महत्त्वाची आहे. आपल्याकडे लाइट जाते आणि केव्हाही परत येते. कडबाकुट्टी चालू असताना लाइट गेली, अडकलेला कडबा काढण्यासाठी कोणी यंत्राच्या तोंडात हात घातला आणि त्याच वेळी लाइट परत आली, तर साध्या स्विचवर यंत्र त्या क्षणी फिरू लागते. नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर लाइट गेली की सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. विहिरीवरच्या पंपांना जे ऑटो लावतात, म्हणजे लाइट आली की पंप आपोआप सुरू करणारे यंत्र, ते कडबाकुट्टीला कधीही लावू नये. पुतण्याने पंपासाठी घेतलेले एक ऑटो घरात पडून होते आणि ते येथे वापरावे अशी सूचनाही झाली होती.

दुसरी मागणी इन्व्हर्टरची होती. शेडमधील एक दिवा घराच्या इन्व्हर्टरवर हवा होता. त्यासाठी इन्व्हर्टरची वेगळी तार शेडपर्यंत न्यावी लागली असती. तसे झाले असते तर शेडचा आयसोलेटर बंद करूनही एक तार जिवंत राहिली असती, आणि दोन फांट्यांचे न्यूट्रल एकत्र आले असते तर आरसीसीबी सतत पडत राहिला असता. त्याऐवजी लाइट गेल्यावर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा बल्ब लावला.

चाचणी

पुरवठा सुरू करण्यापूर्वी ५०० व्होल्ट मेगरने, म्हणजे तारेवरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, केबल आणि शेडची वायरिंग तपासली. नियमाप्रमाणे किमान १ मेगओहम अपेक्षित असतो, येथे मीटर त्याच्या पट्टीच्या शेवटापर्यंत गेला. तुलनेसाठी काढून ठेवलेली जुनी वायर ओली करून तपासली, तेव्हा काटा शून्याला टेकला.

शेडचा आरसीसीबी पहिल्याच प्रयत्नात वर राहिला. घराचा मात्र दर वेळी पडत होता. त्या दिवशी संध्याकाळ झाली होती, घरी पाहुणे होते, आणि "तो बायपास करा, उद्या बघू" असे सुचवले गेले. आरसीसीबी पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, आणि बायपास केलेला आरसीसीबी पुन्हा कोणी जोडत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. एकेक फांटा सोडवत गेलो, तेव्हा माळ्यावरच्या दिव्याची न्यूट्रल तार जोडपेटीत अर्थच्या तारेबरोबर पिळलेली सापडली. गीझरमध्ये होता तोच प्रकार, फक्त अधिक जुना. तो जोड सुटा केल्यावर आरसीसीबी स्थिर झाला. चाचणी यंत्राने शेडचा आरसीसीबी २४ मिलिअँपिअरला पडला, आणि पूर्ण ३० मिलिअँपिअर दिल्यावर त्याने २८ मिलिसेकंदांत पुरवठा तोडला.

आबांना आणि काकूंना दोन गोष्टी बारकाईने सांगितल्या. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबायचे. ते दाबल्यावर आरसीसीबीची यंत्रणा चालते की नाही एवढेच कळते. अर्थिंग चांगले आहे का, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी मीटर लावूनच मापन करावे लागते. आणि एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला, तर आरसीसीबीला ती गळती दिसत नाही, त्यामुळे पेटीत हात घालण्यापूर्वी घराकडचा एमसीबी खाली करायलाच हवा. काकूंनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बटण दाबायचे ठरवले आणि ते दिनदर्शिकेवर लिहूनही ठेवले.

अर्थिंगचे मापन मी मुद्दाम पुढच्या मे महिन्यात पुन्हा केले, कारण पावसाळ्यातील आकडा नेहमी चांगलाच येतो. जमीन तडकलेली असताना दोन्ही खड्डे मिळून ५.२ ओहम आले. टाकी आणि कोबा यांच्यामध्ये दाब अर्धा व्होल्टही नव्हता. गाय तेव्हा टाकीतूनच पाणी पीत होती.

चराचा नकाशा, भिंतीपासून आणि आंब्याच्या बुंध्यापासूनच्या मापांसह, मी घरातील पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून आलो. आबांच्या मुलाला परड्यात नारळाची चार रोपे लावायची आहेत, आणि त्याने खड्ड्यांसाठी निवडलेली रांग केबलवरूनच जात होती. ती आता दोन मीटर पूर्वेला सरकवली आहे.